गाळ कुठं संपतो

पाण्याची बातमी पहिल्या पानावर जाते, गाळाची आतल्या. धरण भरले, धरण आटले, टँकर सुरू झाले, टँकर बंद झाले, हे सगळे वर. पाण्याखाली काय बसले आहे ते आत, एका कॉलमात, तेही जाहिराती कमी आल्या तर. बीड जिल्ह्यात एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून नोकरी झाली. एवढ्या वर्षांत रस्त्यात थांबवून लोकांनी ज्या बातम्यांबद्दल विचारले, त्यांत या आतल्या पानावरच्या बातम्या जास्त होत्या.

बातमीत वार्ताहराला 'मी' म्हणता येत नाही. 'आमच्या प्रतिनिधीकडून' या दोन शब्दांत त्याला बसावे लागते. दिवाळी अंकात 'मी' चालतो, असे संपादकांनी कळवले आहे. पण सवय जुनी आहे, तेव्हा तो गरजेपुरताच येईल.

या कामाबद्दल बाहेरच्यांचा एक समज असतो, की बातमी कुणीतरी सांगतो आणि वार्ताहर लिहितो. सांगणारे पुष्कळ असतात. तहसीलमधून एक सांगतात, सरपंच दुसरे सांगतात, आणि विरोधी पॅनलचा माणूस व्हिडिओच पाठवतो. या तिघांच्या मधले अंतर मोटारसायकलवर जाऊन तोडायचे असते. दुसरा भाग शब्दांचा. 'चोरी' लिहायचे की 'चोरीची तक्रार', 'फुटला' लिहायचे की 'गळती लागली', यावर माणसाची अब्रू आणि कधी कधी वार्ताहराची नोकरी अवलंबून असते. गाळ या शब्दाशी माझी गाठ पडली ती अशीच.

हा शब्द गळण्यातून आला. संस्कृतात 'गल्' म्हणजे ठिबकणे, खाली पडणे. त्यातून गळणे, गाळणे, गाळणी, गळती. पाण्यातून जे खाली पडले आणि तळाशी बसले तो गाळ. गंमत अशी की गाळलेले पाणी म्हणजे स्वच्छ पाणी आणि गाळाचे पाणी म्हणजे त्याच्या उलट, आणि दोन्ही एकाच क्रियापदाची लेकरे. आष्टी तालुक्यात कडा गावाकडे साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की 'गाळप' म्हणतात. तिथे उसातून रस गळतो. तलावाचे पाणी उतरत जाते तशी उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत पेरतात ती 'गाळपेर'. भांड्याच्या तळाशी बसतो तो 'साका'. शेतकऱ्याला हवासा वाटणारा, काळा, मऊ, लोण्यासारखा गाळ म्हणजे 'पोयटा'. पोयटा हा शब्द कुठून आला ते मला सापडले नाही. ज्यांनी सांगितले त्यांनी अंदाज सांगितले, आणि अंदाज छापायचा नसतो.

'मळी' या शब्दाने एकदा अडचण केली. चकलांब्याकडून गोदाकाठाला उतरले की मळी म्हणजे नदीने आणून टाकलेली जमीन. आष्टी तालुक्यात मळी म्हणजे साखर कारखान्यातून निघणारा काळा, वासाचा चोथा. शेतकरी तो खत म्हणून नेतात. 'मळीच्या वाटपावरून वाद' अशी बातमी एकदा सगळ्या जिल्ह्याच्या पानावर गेली. वाद कारखान्याच्या मळीचा होता. दुसऱ्या दिवशी गोदाकाठच्या एका गावातून दोन सख्खे भाऊ कार्यालयात आले. आमचे वाटप अजून झालेलेच नाही, मग वाद कोणी छापला, असे त्यांचे म्हणणे होते. चहा घेऊन, शांत होऊन गेले. पुढच्या वर्षी वाटप झाले तेव्हा वादही झाला, पण तो छापा असे कुणी सांगायला आले नाही.

दुसरा प्रसंग विहिरीचा. केज रस्त्यावरच्या एका गावात दोघा चुलतभावांची सामाईक विहीर होती. त्यातल्या मोठ्याने, काशिनाथने, पाण्यातली मोटार चोरीला गेल्याची तक्रार दिली होती आणि संशयित म्हणून धाकट्या दगडूचे नाव घातले होते. पुरावा नव्हता, गुन्हा पुढे सरकला नाही, पण दोन घरांचे बोलणे बंद झाले. लग्ने झाली, एकमेकांना पत्रिका गेल्या नाहीत. बऱ्याच वर्षांनी विहीर आटली म्हणून गाळ काढायला यारी लावली. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर बसवायचा पाळणा आणि त्याचे यंत्र. गाळाच्या तिसऱ्या की चौथ्या थरात पाळण्यात मोटार आली, तुटलेल्या दोरासकट. ती चोरीला गेलीच नव्हती. दोर कुजून तुटला, मोटार तळाशी गेली, आणि वरून गाळ बसत राहिला.

गाव विहिरीभोवती जमले. दगडू काठावर येऊन उभा राहिला.

"बघ बे काशिनाथ," तो म्हणाला, "चोर तुझ्याच हिरीत बसला व्हता."

"मंग तवाच कावून बोलला न्हाईस?"

"तू इचारलंस कुठं? तू तर सरळ फौजदाराकडं गेलतास."

काशिनाथने मोटारीवर बादलीभर पाणी ओतले, गाळ धुतला आणि दगडूच्या पोराला ती धरायला सांगितली. संध्याकाळी दोघे एका टपरीवर चहा पिताना दिसले. तक्रार मागे घ्यायला गेले तेव्हा फौजदारांनी विचारले, "आता आरोपी म्हणून कुणाचं नाव लिहू?" ही बातमी छापून आली, दोन परिच्छेद.

आता मुख्य प्रसंग. तो नोकरीतल्या शेवटच्या उन्हाळ्याचा. गाव धारूरच्या घाटाच्या अंगाला आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे जे घडले ते कुणा एकाचे चुकणे नव्हते आणि नाव दिले की ते तसे दिसते.

गावाला एक साठवण तलाव आहे. जुन्या काळी दुष्काळी कामातून बांधलेला. त्याच्या बांधाखाली गावाच्या नळयोजनेची विहीर. तलावात पाणी टिकले तर विहिरीला पाणी, विहिरीला पाणी तर नळाला. तलाव गाळाने भरत आला होता. त्या वर्षी तो कोरडा पडला आणि गाळ काढायचे ठरले. खोदायचे यंत्र आणि त्याचे डिझेल सरकारी योजनेतून. गाळ शेतकऱ्याला फुकट, फक्त ट्रॅक्टर ज्याचा त्याने आणायचा.

या व्यवस्थेत पहिली अडचण दडलेली होती. वाहतूक स्वतःची म्हटल्यावर प्रत्येकाला रस्त्याजवळचा गाळ हवा होता. रस्ता बांधाला येऊन मिळतो. त्यामुळे सगळ्या ट्रॉल्या बांधापाशीच भरल्या जाऊ लागल्या. वरच्या अंगाला, जिथे ओढा तलावात येतो आणि खरा गाळ पसरलेला असतो, तिथे कुणी गेले नाही. एकाच जागी खड्डा खोल होत गेला.

दुसरी गोष्ट समजुतीची. इकडच्या शेतकऱ्याला खत कळते. उकिरड्याच्या वरच्या थरात कच्चे शेण आणि कडबा असतो, तळाशी कुजून काळे झालेले जुने खत असते. उकिरडा उपसताना तळाच्या गाड्यांसाठी भाऊ भावाशी भांडतो. तोच न्याय गावाने तलावाला लावला. वरचा गाळ नवा, तळाचा जुना. म्हणजे तळाचा भारी. खड्डा खोल गेला तशी मागणी वाढली. 'मला वरच्या खेपा नकोत, तळाच्या द्या' असे लोक यंत्रावरच्या ऑपरेटरला सांगू लागले. ऑपरेटर झारखंडचा. त्याला मराठी कळत नव्हते, 'खाली, और खाली' एवढे कळत होते.

मुरूम न ओळखणारा शेतकरी इकडच्या बालाघाट डोंगरपट्ट्यात सापडणार नाही. पण गाळ संपून खाली लागलेला हा मुरूम ओला, मऊ आणि काळ्या गाळात कालवलेला निघत होता, आणि एकदा 'तळाचा गाळ' असे नाव पडल्यावर ढेकूळ फोडून बघायला कुणी वाकले नाही.

मग व्हिडिओ आला. ट्रॉलीत पिवळट माल, मागून आवाज: 'गाळाच्या नावाखाली मुरमाची चोरी बघा'. गाळाला परवानगी होती. मुरूम गौण खनिज, तो काढायला वेगळी परवानगी लागते, नसेल तर ट्रॅक्टर जप्त होतो आणि दंड बसतो. दुपारी कार्यालयातून उपसंपादकांचा फोन आला.

"गाळ लिहू का मुरूम? मथळ्याला एकच शब्द बसतोय."

"बघून सांगतो."

"तोवर?"

"तोवर काहीच लिहू नका."

मी पोचलो तेव्हा यंत्र थांबवलेले होते. ट्रॅक्टर बांधावर ओळीने उभे होते आणि त्यांच्या सावलीत लोक बसले होते. नायब तहसीलदार मॅडम जीपमधून उतरून खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. त्यांच्यासमोर सरपंच. गाव त्यांना बप्पा म्हणते.

"मॅडम, तळ्यातून निघतंय तो गाळच की," बप्पा म्हणत होते. "तळ्यातून काय साखर निघंल?"

"तळ्यातून निघालं म्हणून गाळ होत नाही, सरपंच. हे पिवळं आहे."

"तळाचा हाय," मागून एक जण म्हणाला. "लई जुना. जुना झाला की पिवळा पडतोय."

"तुम्ही पडलात का पिवळे?" मॅडमनी विचारले. त्या माणसाचे केस पांढरे होते. लोक हसले, तोही हसला, आणि वातावरण थोडे सैल झाले.

मॅडमनी उपसा बंदचा आदेश तिथेच तोंडी दिला आणि जलसंधारणच्या अभियंत्यांना बोलावून घेतले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. खड्ड्यात उतरले, भिंतीवरून हात फिरवत एका जागी थांबले आणि बोट ठेवले. बोटाच्या वर काळे, खाली पिवळे.

"हा तुमचा गाळ," ते म्हणाले. "इथं संपला. ह्याच्या खाली तलावाची जमीन आहे, आणि ती तुम्ही पुरुषभर खणलीय."

"पर तळाचं भारी असतंय ना साहेब? उकिरड्याचं कसं..."

"उकिरड्याचं तळाचं खत काढून झाल्यावर खाली काय लागतं?"

"जमीन."

"मग पुढं खणता का?"



खरी भीती अभियंत्यांनी नंतर सांगितली. खड्डा बांधाला लागून होता. तलावाच्या तळाला वर्षानुवर्षे बसलेला चिकण थर पाणी धरून ठेवतो. तो इथे फुटला होता आणि खालचा भुसभुशीत मुरूम उघडा पडला होता. पाऊस पडून तलाव भरला तर पाणी इथून मुरमात शिरणार, बांधाखालून वाट काढणार. नशीब चांगले तर तलाव दिवाळीच्या आत रिकामा, वाईट तर बांध खचणार. पावसाच्या आत खड्डा भरून, वर चिकण काळ्या मातीचा थर देऊन, पाणी मारून तो दाबलाच पाहिजे.

"मग भरतो की," बप्पा म्हणाले. "वरच्या अंगाचा गाळ आणतो अन् भरतो."

"उपसा बंद आहे," मॅडम म्हणाल्या. "मुरूम किती निघाला, कुठं गेला, हे कळल्याशिवाय मला यंत्र चालू करता येत नाही. जे आधीच निघालंय त्यातून भरा."

पण आधीच निघालेला गाळ लोकांनी वावरात पसरून टाकला होता. बऱ्याच जणांनी ट्रॅक्टरने नांगरून मातीत मिसळलाही होता. आख्ख्या गावात न पसरलेले ढीग एकाच वावरात होते. सविता आणि अंकुश यांच्या.

हे नवराबायको ऊस तोडायला जातात. अशा जोडीला इकडे एक 'कोयता' म्हणतात. मोजताना दोन माणसे धरत नाहीत, एक कोयता धरतात. त्या वर्षी ते कर्नाटकात होते आणि हंगाम लांबला होता. त्यांचा गाळ अंकुशचा धाकटा भाऊ भानुदास याने त्यांच्या माघारी टाकून घेतला होता. दोघे दोन दिवसांपूर्वी परत आले होते आणि फावडे-टोपलीने ढीग पसरायला नुकती सुरुवात केली होती.

सगळे तिकडे निघाले. वावर तलावाच्या रस्त्यालाच आहे, उतरणीचे, बरड. पावलाखाली खडा वाजतो. ओळीने ढीग होते, वळवाच्या सरीने वरून काळपट पापुद्रा धरलेले. सविता डोक्याला टॉवेल बांधून फावडे घेऊन उभी होती. एवढी माणसे, जीप आणि मॅडम बघून ती जागची हलली नाही.

बप्पांनी सांगायचे ते सांगितले. तलाव गावाचा आहे, पाणी सगळ्यांचे आहे, तुझे ढीग तेवढे उरलेत, पुढच्या वर्षी तुला पहिल्या खेपा देऊ.

"बप्पा," ती म्हणाली, "तुमी समद्यांनी आमी उसात असताना घेतलं. पसरलं, नांगरलं. आता आमचं तेवढं उघड्यावर ऱ्हायलंय म्हणून ते न्यायचं?"

"आगं, तळं गेलं तर पाणी कुठलं पिशील?"

"पाणी पिऊन पुन्हा कर्नाटकातच जायाचं असंल तर कुठलं बी पिईन."

अंकुशने मग मला बाजूला घेऊन खुलासा केला. या वावरात खरिपाचे थोडे येते, रब्बी येत नाही. पाऊस संपला की चार दिवसांत ओल उडते. गाळ पडला तर ओल धरेल, ओल धरली तर रब्बीची ज्वारी होईल. ज्वारी उभी असली तर थंडीत राखायला घरी माणूस लागतो. आणि थंडीतच कोयता गावाबाहेर असतो.

"रब्बी झाली तर औंदा जायाचं न्हाई, असं ठरलंय आमचं," तो म्हणाला.

"म्हणजे दोघांचं?"

"म्हंजी तिनं ठरवलंय."

तिकडे भानुदास वहिनीच्या बाजूने उभा राहिला होता. "अन् ह्यो साधा गाळ न्हाई बप्पा. तळाच्या खेपा हायत. तुमीच दिल्या. ऑपरेटरला दोन दिस जेवाय घातलं तवा मिळाल्यात." लोकांत थोडी चुळबुळ झाली. तळाच्या खेपा भानुदासने पटकावल्या याचा काहींना राग होता, आणि तो त्यांनी गावाच्या हितात मिसळून तिथे आणला होता.

अभियंता या बोलण्यात नव्हते. ते ढिगांच्या ओळीतून चालत गेले, एका ढिगापाशी थांबले आणि अंकुशला म्हणाले, "एक फावडं मारा इथं. खोल मारा."

अंकुशने मारले. पापुद्रा फुटला. आत पिवळे.

दुसरा ढीग, तिसरा. काही काळे निघाले, ते थोडे होते. बाकी सगळे पिवळे, काळ्याचा हात फिरवलेले.

"भाऊजी," सविता हळू म्हणाली, "मी काल इचारलं व्हतं तुमाला. ह्ये पिवळं कावून म्हणून."

भानुदास ढिगाकडे बघत राहिला. "तळाचं हाय असंच समदे म्हणत व्हते, वहिनी."

अभियंत्यांनी पाणी मागितले. सविताने बादली आणून ठेवली. त्यांनी काळ्या ढिगातले एक ढेकूळ त्यात टाकले. ते पाण्यात उमलल्यासारखे फुटले, विरघळले, आणि बादली काळी झाली ती तशीच राहिली. पाणी बदलून दुसरे टाकले, पिवळ्यातले. ते जड होऊन खाली बसले आणि थोड्याच वेळात वरचे पाणी निवळत आले. सविताने न सांगता बादलीत हात घातला, तळचे मूठभर बाहेर काढले, तळव्यावर चोळले आणि नवऱ्यापुढे धरले.

"ही तर आपल्याच वावरातली हाय," ती म्हणाली.

खडे होते. त्यांच्या पायाखाली होते तेच.

जिच्या वाट्याला गावातला सगळ्यात भारी गाळ आला असे सगळे समजत होते, तिच्या वाट्याला गाळ आलाच नव्हता. आठवडाभर राबून तिने मुरमावर मुरूम पसरला असता, पेरले असते, आणि दसऱ्याला ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसली असती.

मॅडमनी तेवढ्यात तो व्हिडिओ पुन्हा लावला. ट्रॉलीच्या मागे बाभळीचे एक वाकडे झाड दिसत होते. त्यांनी मान वर केली. झाड वावराच्या तोंडाशीच उभे होते.

"म्हणजे ही ट्रॉली इथंच आली," त्या म्हणाल्या.

"दुसरीकडं कुठं जाईल?" बप्पा म्हणाले. आता त्यांना आवाज सापडला होता. "मॅडम, चोरी केली असती तर चोरीचा माल असा रस्त्याकडंला ढीग लावून ठिवला असता का?"

"नाही. चोर एवढे अडाणी नसतात," मॅडम म्हणाल्या. यावर बप्पाही हसले.

मग गोष्टी भराभर झाल्या. मुरूम कुठे गेला हे कळले होते. काही खेपा इतरांच्या वावरात पसरल्या गेल्या होत्या, त्याही दिसत होत्या. विकायला बाहेर गेलेली एकही सापडली नाही. मॅडमनी पंचनामा केला आणि उपशाला नवी परवानगी दिली. अट एकच, की यंत्र फक्त वरच्या अंगाला चालेल आणि अभियंता दाखवतील तेवढेच खोल जाईल. मुरूम जिथून आला तिथे परत जायचा, म्हणजे सविताचे पिवळे ढीग खड्ड्याच्या तळाशी. त्यावर वरच्या अंगाची चिकण माती. आणि जितक्या खेपा सविताच्या वावरातून उचलल्या तितक्या खऱ्या गाळाच्या तिला आधी द्यायच्या, बाकीच्यांना नंतर.

"वाहतूक कुणाची?" कुणीतरी विचारले.

"ज्यांनी तळाचं भारी म्हणून सांगितलं त्यांची," सविता म्हणाली. तेव्हा लक्षात आले की त्या हिशेबाने सगळ्या गावाचे ट्रॅक्टर लागतात. ते लागले.

तीन दिवस तिथे जाऊन पाहिले. खड्डा भरला, टँकरने पाणी मारले, रोलर फिरला. वरच्या अंगाला यंत्राने काढलेला गाळ काळा, चकचकीत होता, फाळाला चिकटणारा. पहिली ट्रॉली सविताच्या वावरात रिकामी झाली तेव्हा तिने ढीग पसरायच्या आधी फावडे मारून आत पाहिले. नंतरच्या प्रत्येक ट्रॉलीला पाहिले. ट्रॅक्टरवाले कुरकुरले, पण थांबले. दरम्यान अंकुशने उतरणीच्या बाजूला दगडाचा बांध घातला, नाहीतर गाळ पहिल्याच पावसात पुन्हा तलावात गेला असता.

मी कार्यालयाला कळवले की मथळ्यात दोन्ही शब्द घ्यावे लागतील. उपसंपादक म्हणाले, दोन शब्द घ्यायचे तर बातमी लहान करावी लागेल. 'गाळ काढताना मुरूम निघाला. खड्डा बुजवला' अशी ती एका कॉलमात आली.

पाऊस बेताचा झाला. तलाव पाऊण भरला. बांधापाशी जाऊन मी पाहत असे. खालच्या बाजूला ओल दिसते का, विहिरीचे पाणी एकदम चढते का. अभियंताही मधून मधून येऊन पाहून जात. ओल दिसली नाही. बांध जागेवर होता, पाणी जागेवर होते, दिवाळी झाली तरी. ही बातमी मी लिहून पाठवली आणि ती छापली गेली नाही. त्यात कार्यालयाची चूक नाही. न खचलेल्या बांधाची आणि न आटलेल्या तलावाची बातमी होत नाही. या व्यवसायाबद्दल खंत असेल तर ती एवढीच, की जे निभावले ते लिहायला त्यात जागा नसते.

निवृत्त झाल्यावर थंडीत त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. येताना वाट वाकडी केली. गावातली बरीच दारे बंद होती, कोयते कर्नाटकात गेलेले. सविताच्या वावरात ज्वारी उभी होती. बाजूच्या बरडात काही नव्हते, त्यामुळे ती लांबून दिसत होती, कणसे भरत आलेली. सविता बांधावर उभी राहून पत्र्याचा डबा वाजवत पाखरे उठवत होती. अंकुश खालच्या अंगाला बांधाचा दगड सारखा करत होता.

"या पत्रकार साहेब," ती म्हणाली. "हुरड्याला वेळेवर आलात. कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. गाळ कसा काय निघाला ते बघायला आलो."

तिने डबा खाली ठेवला, वाकून पायाजवळची माती उचलली आणि मुठीत दाबून उघडली. मातीची मूठ तशीच राहिली, आत ओल होती.

"गाळ कुठं ऱ्हायलाय आता," ती म्हणाली. "वावर म्हणा."